दोन शुक्रवार

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मित्राने नोकरी सोडली. आता साहेब स्वतंत्र कन्सल्टंट आहेत. पहिले दोन आठवडे मजेत गेले. सकाळी ट्रॅफिक नाही, मॅनेजर नाही, अप्रेझल नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "अरे, स्वतंत्र काम करणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे. वर्षाची वर्गणी आहे, महिन्यातून एकदा भेटतात. जाऊ का? पण तिथे सगळे माझेच कॉम्पिटिटर असणार. ते मला काम थोडंच देणार आहेत?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, "जाऊन तर बघ." फोन ठेवल्यावर मात्र वाटलं की प्रश्न एकदम बरोबर आहे आणि माझं उत्तर एकदम फालतू. ज्यांच्याशी आपली कामासाठी झटापट होणार, त्यांच्यासोबतच बसून जेवायचं कशाला? गंमत म्हणजे हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये काही लोकांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता. ते आपल्यासारखेच इंजिनिअर होते. म्हणजे खरं सांगायचं तर आपण त्यांच्यासारखे.

आधी एक शब्द. आपल्याकडे 'सिव्हिलवाला' म्हटलं की विटा, सिमेंट आणि साइटवरचं हेल्मेट डोळ्यासमोर येतं. पण मूळ अर्थ वेगळा आहे. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात इंजिनिअर म्हणजे मुख्यतः लष्करातला माणूस. किल्ले, तोफा, सुरुंग ही त्याची कामं. जॉन स्मीटन (१७२४-१७९२) हा स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. सिव्हिल म्हणजे एवढंच की लष्करी नसलेला. सिव्हिल हॉस्पिटल, सिव्हिल लाइन्स यातलं जे सिव्हिल, तेच हे.

आता लष्करी इंजिनिअरला पगार असतो, हुद्दा असतो, वरिष्ठ असतात. स्मीटनकडे यातलं काहीच नव्हतं. वडील वकील होते, त्यांनी मुलाला वकिली शिकायला लंडनला पाठवलं. मुलाने ती सोडून शास्त्रीय उपकरणं बनवायला सुरुवात केली. (आईवडिलांनी ठरवलेली लाइन सोडणं ही काही आपल्याच पिढीची मक्तेदारी नाही :) ) उपकरणांवरून तो प्रयोगांकडे वळला, रॉयल सोसायटीत निबंध वाचू लागला आणि १७५३ साली तिचा फेलो झाला.

डिसेंबर १७५५ मध्ये प्लिमथजवळच्या एडिस्टन खडकावरचं दीपगृह जळून गेलं. ते लाकडाचं होतं. नवीन कोणाकडून बांधून घ्यावं अशी विचारणा रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे आली आणि त्यांनी स्मीटनचं नाव सुचवलं. त्याने तोवर एकही दीपगृह बांधलेलं नव्हतं! पण सोसायटीतल्या लोकांनी त्याचं काम ऐकलं होतं, तपासलं होतं, त्यावर शंका काढल्या होत्या. म्हणून नाव सुचलं. स्मीटनने दगड एकमेकांत खाचा करून गुंतवले, पाण्याखाली घट्ट होणारा चुना कुठल्या चुनखडीपासून मिळतो याचे प्रयोग केले (उत्तर: ज्यात चिकणमातीचा अंश आहे त्या चुनखडीपासून), आणि १७५९ साली दिवा लागला. हे दीपगृह शंभराहून अधिक वर्षं वापरात होतं. १८८२ मध्ये ते बदललं, तेही खालचा खडक झिजायला लागला म्हणून. वरचा भाग उतरवून प्लिमथमध्ये पुन्हा उभा केला, तो आजही तिथे आहे.

एडिस्टननंतर स्मीटनला कामांची कमी पडली नाही. पूल, बंदरं, कालवे, पाणचक्क्या. त्याची कामाची पद्धत पाहिली तर आजचा कन्सल्टंटच वाटतो. बोलावणं आलं की जायचं, पाहणी करायची, लेखी रिपोर्ट द्यायचा, नकाशे काढायचे. रोजची देखरेख साइटवर राहणाऱ्या दुसऱ्या इंजिनिअरकडे. नोकरी कोणाचीच नाही. काम संपलं की संबंध संपला.

आणि इथेच ती अडचण सुरू होते. १७६० नंतर इंग्लंडात कालव्यांची लाट आली. कालवा खणायचा म्हणजे लोकांच्या जमिनीतून जायचं, आणि त्यासाठी प्रत्येक कालव्याला पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागायचा. मग पार्लमेंटच्या कमिटीसमोर सुनावणी. कालवा हवा असलेले लोक आपला इंजिनिअर साक्षीला आणायचे. ज्यांच्या गिरणीचं पाणी जाणार, ज्यांचं शेत कापलं जाणार, ते आपला इंजिनिअर आणायचे. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांचे आकडे खोडून काढणार. कल्पना करा, तुमच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या तज्ज्ञाला तुम्ही आयुष्यात भेटता ते फक्त टेंडरच्या मीटिंगमध्ये, तेसुद्धा क्लायंटच्या समोर. एकमेकांबद्दल काय मत होणार?

तर १५ मार्च १७७१ रोजी, शुक्रवारी, लंडनच्या होबर्न भागातल्या किंग्ज हेड नावाच्या टॅव्हर्नमध्ये हे काही लोक जमले आणि त्यांनी 'सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' सुरू केली. थॉमस येओमन अध्यक्ष झाला. स्मीटन होता, ओलसर लिंकनशरमध्ये पाण्याच्या निचऱ्याची कामं करणारा जॉन ग्रंडी होता, लंडनचा ब्लॅकफ्रायर्स पूल बांधणारा रॉबर्ट मिल्न होता. कारण काय, तर पुढे त्यांनीच छापलेल्या एका प्रस्तावनेत ते स्पष्ट दिलं आहे. तिचा मथितार्थ असा: आम्ही फक्त पार्लमेंटात आणि कोर्टात भेटत होतो, प्रत्येक जण आपलीच योजना रेटत होता आणि एकमेकांना नीट ओळखतही नव्हता. आधी मित्र म्हणून भेटलो तर मतांच्या टोकदार कडा जरा घासल्या जातील आणि विरोध करायची वेळ आली तरी तो कामापुरता राहील.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्यांनी स्पर्धा बंद केली नाही. पुढच्या सुनावणीला ते पुन्हा समोरासमोर उभे राहणारच होते. सोसायटीने परीक्षा घेतली नाही की लायसन्स दिलं नाही. ते जेवायचे, प्यायचे आणि कामाबद्दल बोलायचे. मग मिळालं काय?

एकट्या माणसाची मुख्य अडचण काय असते? क्लायंट असतात, पैसे येतात, पण आपलं काम बरोबर आहे की नाही हे सांगणारं कोणी नसतं. क्लायंटला त्यातलं कळत नाही, म्हणून तर त्याने आपल्याला बोलावलंय. हाताखालचे बोलत नाहीत. ज्याला खरंच कळतं असा एकच माणूस असतो, तो म्हणजे आपला प्रतिस्पर्धी. टॅव्हर्नमधल्या त्या टेबलाने तो माणूस शत्रूच्या खुर्चीतून उठवून शेजारच्या खुर्चीत बसवला.

तरुणांचाही यात फायदा झाला. विल्यम जेसपचे वडील एडिस्टनच्या दीपगृहाची देखभाल करायचे. ते वारल्यावर स्मीटनने मुलाला शिकाऊ म्हणून आपल्याकडे घेतलं. १७७३ मध्ये, विशी संपायच्या आत, जेसप सोसायटीचा सदस्य झाला आणि पुढे अनेक वर्षं त्याने तिचं चिटणीसपद सांभाळलं. गुरूच्या बरोबरीच्या माणसांसोबत टेबलावर बसायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे! स्मीटननंतरच्या पिढीत जेसप हा कालव्यांचा सगळ्यात मोठा इंजिनिअर ठरला.

सगळं छान छान होतं असंही नाही. १७९२ मध्ये एका सदस्याचं स्मीटनशी वागणं खटकण्याइतकं बिघडलं आणि सोसायटी चक्क बरखास्त झाली. एकवीस वर्षांची संस्था, एका माणसाच्या वागण्याने. (व्हॉट्सॲप ग्रुप मोडलेले पाहिलेत ना, तसंच.) पण लगेच ती नव्याने उभी करायचं ठरलं. स्मीटनही राजी होता, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. १७९३ मध्ये जेसप, मिल्न वगैरे मंडळींनी ती पुन्हा सुरू केली.

आणि मग त्यांनी एक फार मोलाचं काम केलं. कन्सल्टंटच्या रिपोर्टचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे. क्लायंटच्या कपाटात धूळ खात पडतो. स्मीटनच्या वारसांकडून त्याचे कागद रॉयल सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांनी विकत घेतले आणि सोसायटीने ते संपादून छापले. १८१२ मध्ये तीन खंड पूर्ण झाले. आता कुठल्याही होतकरू पोराला स्मीटन एखाद्या बंदराचा विचार कसा करायचा हे मुळातून वाचता येऊ लागलं. आजच्या भाषेत, एका फ्रीलान्सरचं आयुष्यभराचं काम ओपन सोर्स झालं. आणि ते कोणी केलं? त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी आणि शिष्यांनी.

पण या सोसायटीत एक मोठी खोट होती. ती छोटी होती आणि तशीच राहिली. मोठ्या लोकांचा जेवणाचा क्लब. (स्मीटोनियन सोसायटी या नावाने तो अजूनही आहे.) ज्याचं नाव झालेलं नाही त्याने काय करायचं? त्या काळी इंग्लंडात इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. कोणाच्या तरी हाताखाली पडेल ते शिकायचं.

म्हणून दुसरा शुक्रवार. २ जानेवारी १८१८, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचं केंडल कॉफी हाऊस. हेन्री रॉबिन्सन पामर आणि त्याचे काही दोस्त, बहुतेक विशीतले. त्यांनी 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' काढली. हेतू सरळ होता, आपणच एकमेकांना शिकवायचं. (याच पामरने १८२९ मध्ये नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे पावसाळ्यात ज्याच्यावर ताशा वाजतो, तो पत्रा.)

पहिली दोन वर्षं कोणी फारसं फिरकलं नाही. उत्साही पोरांच्या ग्रुपचं जे होतं तेच. मग त्यांनी थॉमस टेलफर्डला अध्यक्ष व्हायची विनंती केली. टेलफर्ड मेंढपाळाचा मुलगा, पाथरवटाचं काम शिकलेला, आणि तोवर देशातला सगळ्यात नावाजलेला इंजिनिअर. वय बासष्ट. १८२० मध्ये तो आला आणि १८३४ मध्ये मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. पदभार घेताना तो जे बोलला त्याचा सारांश असा की इतर देशांत अशा संस्था सरकार काढतं, इथे ती सदस्यांनी स्वतः उभी केली आहे, म्हणून ती चालणं न चालणं प्रत्येकाच्या स्वतःच्या वागण्यावर आहे. नुसती भाषणं नाहीत. सदस्यांनी निबंध वाचावेत, त्यावर चर्चा व्हावी आणि चर्चेची टिपणं ठेवली जावीत असा त्याचा आग्रह. १८२८ मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली.

याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मुंबई-ठाणे रेल्वे (१८५३) ज्याच्या देखरेखीखाली बांधली गेली तो जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले. कंपनीचा सल्लागार होता रॉबर्ट स्टीफन्सन. बर्कलेने त्याच्या हाताखाली काम केलं होतं आणि त्याच्याच शिफारशीवरून तो मुंबईला आला. बोरघाटातून रेल्वे न्यायची, सुमारे १,८०० फूट चढ, पंचवीस बोगदे, हे सगळं बर्कलेने स्वतःपाशी ठेवलं नाही. १८५७ मध्ये त्याने घाटाच्या कामावरचा निबंध मुंबईत वाचला आणि १८६० मध्ये भारतातल्या रेल्वेवरचा मोठा निबंध लंडनच्या याच इन्स्टिट्यूशनपुढे गेला. १८६२ मध्ये बर्कले वारला. घाट पुढच्या वर्षी सुरू झाला, तो त्याने पाहिला नाही. पण काम कसं केलं ते कागदावर राहिलं. खंडाळ्याच्या बोगद्यात मोबाइलची रेंज गेली की मला हल्ली याची आठवण येते.

असो. तर मित्राला मी परत फोन केला. म्हटलं, तुझा हिशोब अर्धाच आहे. ते तुला काम देतील की नाही हे मला माहीत नाही. स्मीटनला एडिस्टन मिळालं ते ओळखीतून हे खरं, पण ती ओळख कार्ड वाटून झालेली नव्हती. त्याने आधी आपलं काम जाणकारांसमोर ठेवलं होतं. वर्गणी भरण्याआधी एकदा जाऊन बस आणि एकच गोष्ट बघ. तिथले लोक आपलं एस्टिमेट कुठे चुकलं, कुठला प्रोजेक्ट फसला, हे एकमेकांना सांगतात का? सांगत असतील तर वर्गणी स्वस्त आहे. आणि नुसतेच आपापले मोठेपण सांगत असतील, तर तुझ्यासारखे चार-पाच जण गाठ आणि कुठल्यातरी कॉफी शॉपमध्ये बसा. त्याचीही परंपरा आहे.

"कधी बसायचं?" तो म्हणाला.

म्हटलं, शुक्रवारी.