फेब्रुवारीतले तीनशे रुपये

डोंबिवलीच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात, कपातीच्या रकान्यात, प्रॉव्हिडंट फंड आणि आयकराच्या सोबतीला एक बारीकशी ओळ असते: पी.टी., २०० रुपये. आयकरावरची चर्चा लोकलमध्ये दादरला सुरू होते ती ठाणे गेलं तरी संपत नाही. या ओळीबद्दल मात्र कुणी ब्र काढत नाही. दोनशे रुपयांसाठी कोण अकाउंट्सवाल्याकडे चौकशी करत बसणार?

पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. १९७५ सालचा १६ वा अधिनियम, अंमल १ एप्रिलपासून. तो लावला गेला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं, दुकानदारानं, डॉक्टर-वकिलानं वर्षाला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असंही ठरलेलं. शिवाय वाहन करावर, विक्रीकरावर, ओलिताच्या जमिनीवर याच कामासाठी जादा आकारणी होती. म्हणजे बागायतदारालाही सूट नव्हती.

कल्पना वि. स. पागे यांची. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांच्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला, आणि १९७२ साली योजना राज्यभर आली. लगेच दुष्काळानं गाठलं. लाखो माणसं खडी फोडायला बसली. कायदा झाला १९७७ मध्ये आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. अंगमेहनत करायला तयार असलेल्या प्रौढानं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. बाईला आणि बाप्याला एकच दर. सरकारकडे काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला, असं तेव्हा देशात दुसरीकडे कुठे नव्हतं.

ठाणे जिल्ह्याला मजुरीचा प्रश्न काही पागेसाहेबांनी शिकवायला नको होता. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असलेल्या टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिच्या पुढाऱ्यांत होते. उंबरगाव तालुक्यातले वारली तिथे आले, ऐकून गेले, आणि मे महिन्यात झरी गावच्या सभेत वेठ करायची नाही असं ठरवून मोकळे झाले. पुढे मागणी आली ती रोज बारा आण्यांची. त्याआधी कित्येकांची मजुरी लग्नासाठी घेतलेल्या कर्जात आयुष्यभर फिटत असे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. संसार मांडायचा म्हणून माणूस गहाण, असा तो व्यवहार.

रोजगार हमी या गहाणवटीला तोड ठरायला हवी होती. काही ठिकाणी ठरलीही: नालाबांध, पाझर तलाव, मुरमाचे रस्ते झाले, हजेरीपटावर नवऱ्याच्या अंगठ्याशेजारी बायकोचा स्वतंत्र अंगठा उमटला, आणि तिची मजुरी तिच्या हातात पडली. ही गोष्ट लहान नाही.

पण मोजमाप, मंजुरी, मग पैसे, अशा क्रमात मजुरी आठवडेच्या आठवडे लांबायची. वीटभट्टीचा शेठ थांबवत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की तो उचल देतो, आणि दिवाळी झाली की मोखाड्या-मुरबाडकडचं कुटुंब पोराबाळांसह, कोंबड्यांसह भट्टीवर हजर होतं. कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात पावसाळा तोंडावर येईपर्यंत ही माणसं चिखल तुडवतात, हजारी विटांवर हिशेब मांडतात, आणि शेवटी उचल फिटली का हे शेठच सांगतो. त्या विटांची घरं शहरांत उभी राहिली. तेव्हा गोष्ट अशी होते: घरात राहणारा पी.टी. भरतो ते ज्याला गावात काम मिळावं म्हणून, तोच गाव सोडून त्याच्या घराच्या विटा पाडत असतो. मध्ये अंतर किती? कसाऱ्याच्या लोकलनं दीड-दोन तास.

१९८८ साली दोन गोष्टी घडल्या. किमान मजुरी वाढली, तिच्यामुळे हमीचा दरही चढला, आणि मग कामंच कमी निघू लागली. त्याच वर्षी साठाव्या घटनादुरुस्तीनं व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर गेली. पुढच्या दशकात हमीच्या नावानं जमलेला पैसा खर्चापेक्षा जास्त होता. आणि याच काळात, १९९२-९३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला मुलं कुपोषणानं दगावली. पैसा नव्हता, हे कारण त्या वेळी तरी कुणाला देता येणार नाही.

२००५ साली केंद्रानं देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता. व्यवसाय कर मात्र राज्यात चालूच राहिला, फक्त तो कशासाठी आहे हे लोक विसरले. विषमता कमी करायला निघालेला कर हळूहळू स्वतःच विषम झाला. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की वर्षाला २,५०० रुपये. मग तो डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या दुकानातला सेल्समन असो की घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारा कंपनीचा संचालक. २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना सूट आहे, एवढीच काय ती सुधारणा.

फेब्रुवारीच्या पगारपत्रकात ही कपात २०० ऐवजी ३०० दिसेल. चूक नसते ती. अकरा महिन्यांचे २,२०० आणि वर हे ३००, असे २,५०० पुरे करायचे असतात. ही मर्यादा १९८८ पासून आजवर वाढलेली नाही.