एकाच वाटेने आलेले दोन आजार: मलकापूर परिसरातील क्षय आणि एचआयव्हीचा इतिहास

कराड शहराला लागून, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वाढलेले मलकापूर हे आज सातारा जिल्ह्यातील वैद्यकीय उपचारांचे एक मोठे ठिकाण आहे. 1980 च्या दशकात येथे कृष्णा रुग्णालय आणि त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, 2005 मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील बागायती गावांबरोबरच पाटणच्या डोंगरातून, खटावच्या कोरडवाहू पट्ट्यातून व सांगली जिल्ह्यातील शिराळा, वाळवा, कडेगावकडून रुग्ण उपचारासाठी इकडे येऊ लागले. या टापूत क्षयरोग जुना आणि एचआयव्हीचा संसर्ग नवा. तरीही एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला सर्वाधिक धोका असतो तो त्या जुन्या आजाराचाच. हा धोका कशाकशाने वाढतो याची उत्तरे वैद्यकाच्या ग्रंथांत थोडक्यात दिलेली असतात: प्रतिकारशक्तीचा ऱ्हास, कुपोषण, दाटीवाटीचे राहणे, उशिरा झालेले निदान, अर्धवट सुटलेला उपचार. यांतील प्रत्येक कारणाला या परिसरात स्वतःचा इतिहास आहे, आणि तो रुग्णाच्या जन्माच्या पुष्कळ आधी सुरू होतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. हा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला म्हणजे लगेच आजार होतो असे नाही. बहुतेकांच्या शरीरात संरक्षक पेशी त्याच्याभोवती कडे करून त्याला कोंडून ठेवतात, आणि या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात. असा संसर्ग झालेल्या सर्वसाधारण माणसांपैकी शंभरातील पाच ते दहा जणांनाच उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष क्षयरोग होतो. या कोंडीची राखण ज्या पांढऱ्या पेशींच्या आधाराने होते त्यांना सीडी-4 पेशी म्हणतात, आणि एचआयव्ही नेमका त्यांचाच नाश करतो. राखणदार कमी झाले की जंतू बाहेर पडतो. म्हणून विषाणूवर उपचार न घेतलेल्या माणसाला, त्याच्यात सुप्त संसर्ग असल्यास, जवळजवळ दहा टक्के धोका एकेका वर्षाला असतो. इतरांना जन्मभरात जेवढी जोखीम, तेवढी त्याला दरसाल. तेव्हा एचआयव्हीने या भागात क्षय आणला असे म्हणणे चुकीचे ठरते. त्याने आधीच घराघरांत कोंडलेला क्षय मोकळा केला, आणि म्हणून तो घराघरांत कसा पोहोचला होता हे पाहणे आवश्यक ठरते.

त्या वाटेचे एक टोक मुंबईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्या वाढल्या तेव्हा त्यांना लागणारे मनुष्यबळ कोकणाबरोबर सातारा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरूनही गेले (आजचा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता). घरची जमीन तुकड्यांची, पाऊस बेभरवशाचा, आणि सारा रोखीने भरायचा, अशा स्थितीत घरातील एक तरणा पुरुष मुंबईला पाठवणे ही शेतकरी कुटुंबाची रीतच बनली. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी राहत. पुरुष गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत पथारी टाकी आणि खानावळीत जेवी. या खोल्यांची रचना क्षयाच्या दृष्टीने फार घातक होती. एका खोलीत एकाच गावचे वीस-तीस गडी नावे लावीत, पहिल्या पाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी आडवे होत, आणि खिडकी असलीच तर ती चाळीच्या अंधाऱ्या बोळात उघडे. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जाई, आणि कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती. याच उष्ट्या धाग्याचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यातून दूर ठेवले गेले, आणि 1928 च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या अन्यायाला वाचा फोडली. धोट्याच्या उष्ट्यामुळे क्षय पसरतो अशी भीती त्या काळी व्यक्त होत असे. पण हा रोग मुख्यत्वे हवेतून पसरतो हे लक्षात घेता खरा दोष धोट्यापेक्षा त्या बंद खोलीकडे अधिक जातो.

खोकला लागलेला गडी कामातून गेला की त्याला गावी धाडले जाई. मुंबईकडे उपचारासाठी दवाखाने असले तरी आजारी माणसाला पोसणारे घर गावीच होते, आणि त्या घरातल्या सोप्यात, चुलीच्या धुरात, लहान मुलांच्या शेजारी त्याची खाट पडे. अशा रीतीने शहराने कष्ट घेतले आणि आजारपण खेड्याकडे परत केले. मनीऑर्डरीचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ मांडला. तिच्या पाठोपाठ आलेल्या या परतीच्या मालाचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडला नाही, ही आपल्या सामाजिक इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे युग संपत गेले, तरी मुंबईची वाट बंद झाली नाही. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांत सातारा-सांगलीची माणसे मोठ्या संख्येने होती. खानापूर-आटपाडीचे तरुण सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभरातील शहरांत पांगले होते. आणि महामार्गावर ट्रक चालवणारे, त्यांच्यासोबत क्लीनर म्हणून जाणारे पुष्कळ होते. या सर्व धंद्यांचे एक लक्षण समान होते: पुरुष महिनोन्‌महिने घराबाहेर, परक्या गावी, दाटीने राहत होते. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 मध्ये चेन्नईत आढळला, आणि पुढच्या काही वर्षांत तो ज्या रस्त्यांनी पसरला त्यांत पुणे-बंगळूर महामार्ग ठळक होता. ज्या वाटेने आजोबांच्या काळी क्षय आला, त्याच वाटेने नातवाच्या काळी हा विषाणू आला. आणि दोघांची गाठ पडली ती त्याच सोप्यात.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा त्याचा उपचार म्हणजे जागा बदलणे, विश्रांती आणि सकस आहार. मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू करणारे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने सांगली-मिरजेच्या दरम्यान वसलेल्या वानलेसवाडीत 1920 च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्याच्याही आधी, 1912 मध्ये, डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीच्या डालकीथ भागात बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले होते. थंड, कोरडी हवा, उघडे व्हरांडे, दूध-अंडी आणि सक्तीचा आराम यांवर या संस्थांचा भर असे. मुळात ही सोय मोजक्यांसाठीच होती, कारण रोजगारावर जगणारा माणूस महिनोन्‌महिने पडून राहू शकत नव्हता. 1956 मध्ये मद्रास शहरात सुरू झालेल्या एका अभ्यासाने हे चित्र पालटले: गोळ्या नियमित घेतल्या तर गरिबाच्या घरीही रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढत नाही, हे 1959 मध्ये सिद्ध झाले. या निष्कर्षाच्या आधाराने 1962 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्हा क्षयरोग केंद्रे निघाली, आणि आरोग्यधामे ओस पडत गेली. बेल-एअर 1964 मध्ये रेड क्रॉसकडे गेले आणि काळाच्या ओघात खंगले. पण 1990 च्या दशकात त्याच वास्तूत एचआयव्हीबाधितांचे रुग्णालय सुरू झाले. क्षयाने आजारी माणसांसाठी बांधलेल्या त्या व्हरांड्यांत पुन्हा क्षयाचेच रुग्ण झोपू लागले, कारण एचआयव्ही असलेल्यांचा जीव घेणारा सर्वांत मोठा आजार तोच होता.

मद्रासच्या निष्कर्षाला एक अट होती, ती म्हणजे नियमितपणा, आणि एचआयव्हीच्या काळात नेमकी तीच मोडली. त्याचे एक कारण कलंक हे होते. क्षयाबद्दल लपवालपव या भागाला नवी नव्हती. घरात क्षयी असला की मुलींची लग्ने अडत. एचआयव्हीने हे दडपण कैक पटींनी वाढवले. नवऱ्याच्या आजारपणात जमीन-दागिने विकून झालेले असत, तो गेल्यावर विधवेच्या वाट्याला ना उपचाराला पैसा राही ना सासरी थारा. आणि तिच्या पोषणाची, विश्रांतीची, वेळेवर तपासणीची शक्यताच संपे. सांगलीत मीना सेषू यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या संग्राम या संस्थेने, आणि तिच्यातून 1996 मध्ये पुढे आलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने, कलंकाचा हाच प्रश्न उघडपणे मांडला आणि दाखवून दिले की देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रियांकडे संसर्गाचे उगमस्थान म्हणून बोट दाखवले जाते त्यांच्या हाती संघटना दिली, तर त्या स्वतःच प्रतिबंधाचे काम सर्वांत चांगले करतात. या कामाचे मोल रुग्णालयाच्या कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नाही.

विषाणूला रोखणारी औषधे, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांत 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली. मात्र सुरुवातीला सीडी-4 पेशींची संख्या दर घनमिलिमीटर रक्तात 200 च्या खाली गेल्यावरच साधारणपणे उपचार सुरू होई. म्हणजे राखण ढासळेपर्यंत थांबायचे, आणि तोवर क्षय होऊन गेलेला असे. 2017 मध्ये निदान होताच सर्वांना उपचार हे धोरण आले. त्यामुळे क्षयाचा धोका पुष्कळ घटतो, पण शून्यावर येत नाही. निदानाचीही निराळी अडचण होती. प्रतिकारशक्ती फार क्षीण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पोकळ्या पडत नाहीत, थुंकीत जंतू कमी असतात, पुष्कळदा आजार गाठींत, फुप्फुसाच्या आवरणात किंवा मेंदूच्या आवरणात असतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची थुंकी तपासणी निर्दोष निघाली तरी रुग्ण क्षयाने मरत असे. जंतूच्या जनुकाचा शोध घेणारी सीबीनॅट चाचणी आल्यावर ही उणीव बरीच भरून निघाली. शिवाय क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध एचआयव्हीवरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण घटवते, त्यामुळे दोन्ही उपचारांची सांगड डॉक्टरांनाच विचारपूर्वक घालावी लागते.

उरते पोषण आणि निवारा, आणि या दोन्ही बाबतींत मलकापूरच्या भोवतालचा बागायती पट्टा डोळ्यांत भरणारी विसंगती दाखवतो. दर हिवाळ्यात मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या हद्दीत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता पहाटेपासून फडात राबतो आणि रात्री कुटुंब पाचटाच्या कोपीत झोपते. त्यांच्यापैकी कोणाला दोन्ही आजार असतील, तर औषधाचे कार्ड एका जिल्ह्यात आणि माणूस दुसऱ्यात अशी स्थिती होते, आणि गोळ्या खंडित होतात. खंडित उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय निपजतो. 2018 पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला दरमहा 500 रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 झाली. पण कमी वजन हे आजार होण्याच्या आधीचे कारण असते, आणि मदत आजार झाल्यानंतर येते.

एआरटी केंद्रावर आलेल्या प्रत्येक व्यक्तीला दर भेटीत चार प्रश्न विचारण्याचा नियम आहे: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम सुटतो का. चारांचीही उत्तरे नकारार्थी आली तर क्षय टाळण्यासाठी प्रतिबंधक गोळ्या देता येतात. एकही होकारार्थी आले तर तपासणी करावी लागते, आणि ती सरकारी केंद्रात विनामूल्य होते. या परिसराचा इतिहास पाहता तेथे पाचवा प्रश्नही विचारला जावा: गेल्या वर्षभरात आपण कोठे राहिलात, आणि एका खोलीत किती जणांबरोबर झोपलात?