इसब, मलम आणि एक अंतःस्राव

घरात कुणाला इसब झाले की आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतो. चार दिवसांत खाज थांबते आणि ट्यूब फडताळात जाऊन पडते. पण तिच्यामागे शंभर वर्षांची खटपट आहे बरे!

१८५५ साली लंडनच्या गायज् रुग्णालयातील डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी निकामी झाल्या, तर माणूस खंगतो आणि त्याची कातडी काळवंडते, असे त्यांनी दाखवून दिले. आत काय बिघडले, ते वरची त्वचा सांगू लागली.

पुढे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथींतून कॉर्टिसोन वेगळे काढले. १९४८ साली फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला टोचले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली या दोघांना, राइखस्टाइन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

मग त्वचेवरही कॉर्टिसोन चोळून पाहिले. पण गुण येईना. असे का? कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असते. यकृतात त्याचे हायड्रोकॉर्टिसोन होते, तेव्हा ते काम करते. कातडीला ते रूपांतर पुरेसे साधत नाही. म्हणून १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनच लावले, आणि वर्षानुवर्षे खाजवणाऱ्या रोग्यांना उतार पडला.

आता दुसरी बाजू ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याने नायट्यावर असलेच, पण अधिक जालीम मलम कुणाच्या तरी सांगण्यावरून महिनोन्‌महिने लावले. लाली गेली, खाज गेली; नायटा मात्र आतल्या आत पसरत राहिला. कारण हे औषध दाह शमवते, बुरशी मारीत नाही. उलट, शरीराचा प्रतिकार ढिला पडल्याने तिचे फावते. शिवाय फार दिवस लावले तर कातडी पातळ होते, ती वेगळीच. २०१८ साली आपल्या सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे.

तेव्हा मलमाला नावे ठेवू नका. त्याने पुष्कळांना रात्रीची झोप परत दिली आहे. फक्त फडताळातली ती जुनी ट्यूब उघडण्यापूर्वी, आपल्याला झाले आहे ते इसब की नायटा, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.