सांबाराचं नाव

तंजावरला गेलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट कोणीतरी ऐकवतंच. शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबारी त्यांचे चुलतभाऊ संभाजीराजे पाहुणे आले. आमटीला कोकणातली आमसुलं उरली नव्हती, म्हणून चिंच घातली. आणि ‘संभाजीचा आहार’ तो सांबार.

गोष्ट मला आवडते, पटत नाही. शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये, संभाजीराजे मारले गेले १६८९ मध्ये. मधली पाच वर्षं ते औरंगजेबाशी झुंजत होते. शिवाय तमिळ चुलीला चिंच मराठ्यांनी शिकवायची, हे जरा अतीच!

शब्दाकडेच पाहावं. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेलं साहित्य. तमिळमध्ये ‘संबारम्’ म्हणजे मसाला. केरळात तेच नाव मसाल्याच्या ताकाला. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, नागपूरची सांबारवडी तिचीच. तोही याच कुळातला दिसतो.

तंजावरच्या मराठी मुदपाकखान्याचा अभिमानच मिरवायचा, तर सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं (१७९८–१८३२) ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. मराठीत लिहिलेलं. त्याची आठवण मात्र सांबार वाढताना कोणी काढत नाही.