बोलेरो मेला होता का? 'रोमान्से' आणि एक सोयीचा शब्द

लॅटिन पॉपवर वाचायला लागलात की एक वाक्य तुम्हाला पहिल्या आठवड्यातच भेटेल: लुईस मिगेलच्या 'रोमान्से' या अल्बमने बोलेरोचं पुनरुज्जीवन केलं. हे वाक्य तसंच उचलून प्रबंधात टाकू नका. 'पुनरुज्जीवन' हा फार सोयीचा शब्द आहे. तो वापरला की आधी मरण झालं होतं का, हे कुणी विचारत नाही.

थोडी पार्श्वभूमी. बोलेरो हे क्युबाच्या पूर्व भागात, सांतियागोमध्ये, १९व्या शतकाच्या अखेरीस गिटारवर घडलेलं संथ प्रेमगीत. (स्पेनमधला त्याच नावाचा नाच वेगळा, त्यात गल्लत नको.) युकातानमार्गे ते मेक्सिकोत रुजलं. पुढे रेडिओ, सिनेमा आणि गिटार घेऊन गाणाऱ्या 'त्रिओं'नी ते घरोघरी नेलं.

'रोमान्से' आला नोव्हेंबर १९९१ मध्ये. गायक २१ वर्षांचा, लहानपणापासून पॉप गाणारा. बारा गाणी, बहुतेक त्याच्या जन्माआधीची. अल्बम प्रचंड खपला, यात वाद नाही. पण खपावरून लोकप्रियता कळते, आधीची अवस्था कळत नाही.

मग ती कुठे शोधायची? मी म्हणेन, आधी श्रेयनामावली वाचा. संशोधक मुलाखती आणि परीक्षणं धुंडाळतात, आणि हातातल्या कव्हरवरचा बारीक मजकूर राहून जातो. निर्माता आर्मांदो मान्सानेरो, म्हणजे स्वतःच बोलेरोचा मोठा संगीतकार. अल्बममधलं 'नो से तू' हे त्याचंच, आणि ते १९८०च्या दशकातलं! मेलेल्या प्रकारात कुणी नवी गाणी लिहीत बसतं का? अल्बमच्या बाहेर बघायचं तर पेद्रो अल्मोदोवारच्या १९८८ च्या गाजलेल्या चित्रपटाचा शेवट ला लुपेच्या एका बोलेरोवर होतो.

बदललं काय, तर ध्वनी. बेबू सिल्वेत्तीच्या संयोजनात त्रिओच्या गिटारची जागा व्हायोलिनच्या ताफ्याने घेतली, आणि आईवडिलांचं म्हणून बाजूला ठेवलेलं गाणं तरुणांच्या पॉपशेजारी वाजू लागलं. ही घटना मोठीच आहे, पण तिला 'श्रोता बदलला' म्हणा. तसं म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: कुठला श्रोता, कुणामुळे, कुणाच्या पैशाने?

आता 'क्वांदो व्हुएल्वा आ तू लादो' घ्या. मारिया ग्रेवर या मेक्सिकन संगीतकर्तीचं १९३४ चं गाणं. इंग्रजी शब्द लावून ते अमेरिकेत गेलं आणि १९५९ मध्ये डायना वॉशिंग्टनच्या आवाजात गाजलं. याचं 'पुनरुज्जीवन' नेमकं कितव्यांदा झालं म्हणायचं?

आणि या शब्दाची किंमत कोण मोजतं तेही बघा. जिवंत करणारा एक तरुण गायक ठरला की गाणी लिहिणारे आपसूक भूतकाळात ढकलले जातात. ग्रेवर १९५१ मध्येच गेली होती, हे खरं. पण 'कोंतिगो एन ला दिस्तान्सिया'चा सेसार पोर्तियो दे ला लूस १९९१ मध्ये हयात होता. 'ला बार्का'चा रोबेर्तो कांतोरालही होता. 'मुचो कोरासोन' लिहिणारी एमा एलेना वाल्देलामार तर त्यानंतर आणखी एकवीस वर्षं जगली.