काचेतला समुद्र : शिकारी मासे आणि पाणी गाळण्याचा इतिहास

आपण हदगावकर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. आपल्याला शिकारी मासा म्हटला की पैनगंगेतला मरळ आठवतो. मग खाऱ्या पाण्याच्या काचटाकीशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या शेतातून जातो. कसा, ते बघू.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तारापोरवाला या पारशी दात्याने त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. तिथं लोकांची गर्दी कुठं व्हायची? शार्क, पाकट, वाम यांच्यापाशी. समुद्र समोरच, त्यामुळे पाण्याची काय चिंता, असं वाटतं. पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात तर त्यातलं मीठही कमी होतं. शिवाय पाणी कितीही चांगलं आणलं, तरी टाकीत मासा ते घाण करणारच.

शिकारी मासा जास्त घाण करतो. त्याचं खाणं म्हणजे मांस, म्हणजे प्रथिनं. ती पचली की अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेला तुकडा कुजला की आणखी अमोनिया. त्यात समुद्राचं पाणी अल्कधर्मी, म्हणून तिथं अमोनियाचं विषारी रूप जास्त असतं. आणि गंमत अशी, की हे विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ, आणि मासा तडफडतोय!

आता थोडं मागे जाऊ. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून दाखवल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजकी पानं खाते, मासा जगतो. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. घरोघरी टाक्यांचं वेड लागलं आणि काही वर्षांत ओसरलंही, कारण पाणी नासायचं. दोन सोनमाशांचा हिशेब मांस खाणाऱ्या माशाला लागू पडत नव्हता.

उपाय काढला विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. 1864 मध्ये हॅम्बुर्गला, मग 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठी टाकी खाली, अंधारात. वाफेच्या इंजिनाने पाणी सतत वर चढवायचं, ते खेळत पुन्हा खाली यायचं. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं. पद्धत चालली. पण ती का चालते, याचं पूर्ण उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

उत्तर आलं सांडपाण्यातून. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि नायट्रेट मिळू लागलं. क्लोरोफॉर्म सोडल्यावर काम बंद! म्हणजे वाळू नुसती गाळत नव्हती, वाळूवर काहीतरी जिवंत होतं. पुढं हे काम दोन पायऱ्यांत होतं, हे दाखवणाऱ्या माणसाचं नाव ऐका : रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनमासेवाल्या वॉरिंग्टनांचा मुलगा! आणि तो अभ्यास करत होता शेतजमिनीचा. 1890 मध्ये विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

आता बघा, तुमच्या काळ्या रानात शेणखत मुरतं तेव्हा हेच घडतं. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. शार्कच्या टाकीतली गाळणी आणि कापसाचं शेत यांचं काम करणारे एकाच जातकुळीचे.

आजच्या खाऱ्या टाकीत तीन कामं चालतात. कापड किंवा स्पंज गाळ अडवतो. दुसऱ्या यंत्रात बारीक बुडबुड्यांचा फेस करून प्रथिनं वर आणतात आणि काढून टाकतात, गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, तसंच. तिसरं आणि मुख्य काम जिवाणूंचं. नायट्रेट मात्र साचत जातं, म्हणून थोडं पाणी अधूनमधून बदलावंच लागतं.

म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी शिकारी मासा सोडला, तर तो मरायचीच शक्यता जास्त. जिवाणूंना वस्ती करायला काही आठवडे लागतात. आणि गाळणी क्लोरीनच्या नळाखाली चकचकीत धुतली, तर आपण कामकरीच मारले.

ही गोष्ट माशांपुरती नाही. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी जिवाणूंनी भरलेला गाळ हवा देऊन पुन्हापुन्हा वापरला आणि शहरांचं सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत उभी राहिली. आपल्या नाल्यांचं पाणी गोदावरीत, पैनगंगेत जातं. ते नुसतं नितळ दिसतं का, एवढंच विचारून भागणार नाही. त्यातला अमोनिया कुणी खाल्ला का, हेही विचारलं पाहिजे. टाकीतल्या माशाला दुसरीकडे जाता येत नाही. नदीकाठच्या गावालाही नाही.