विकलेल्या मुलाचा पहिला कागद

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नांदगांव हें कणकवली तालुक्यांतील गांव तिठ्यावर वसलेलें आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता तेथून दक्षिणोत्तर जातो, आणि देवगड बंदराकडून निघून फोंडाघाट चढणारा निपाणीचा रस्ता त्यास तेथेंच छेदतो. कोंकण रेल्वेचें नांदगांव रोड हें स्थानकही जवळच आहे. बंदरावरून घाटमाथ्यावर आणि घाटमाथ्यावरून बंदरावर काय काय गेलें, याचा इतिहास लिहितांना आपण मीठ, मासळी, तांदूळ व गूळ यांचे हिशेब काढतों. माणसांचा, आणि त्यांतही विकल्या गेलेल्या मुलांचा, हिशेब क्वचितच काढला जातो. याचें कारण कागद नाहींत असें नव्हे. कागद आहेत, परंतु ते मुलासाठीं लिहिलेले नाहींत. मूल परक्याच्या हातीं गेल्यावर त्याजविषयीं जो पहिला कागद होतो, तो कोणाच्या सोयीसाठीं लिहिला गेला, यावरच त्या मुलाची सुटका व परतीची वाट अवलंबून असते, एवढाच सिद्धांत आम्हांस येथें मांडावयाचा आहे. तो जुन्या दफ्तरांस लागू आहे, तसाच आजच्या बालकल्याण समितीच्या दफ्तरासही लागू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठी दफ्तरांत 'कुणबीण' हा शब्द आला म्हणजे तो कुणबी जातीची स्त्री या अर्थाचा समजून पुढें जाण्याचा मोह होतो. पुष्कळ ठिकाणीं त्याचा अर्थ विकत घेतलेली किंवा धरून आणलेली दासी असा असतो. 'बटीक' हाही त्याच अर्थाचा शब्द. दासीच्या पोटीं जन्मलेला तो 'लेकावळा'. 'पोर', 'पोरगी' हे शब्द तर इतके घरगुती आहेत, कीं त्यांच्यामागें विक्री असेल अशी शंकाही वाचणारास येत नाहीं. पेशवाईंत कुणबिणी सरकारी कोठ्यांत, पागांत व किल्ल्यांवर कामास असत. त्यांची देवघेव होई, त्या बक्षीसही दिल्या जात. कोणी म्हातारपणीं, तर कोणी मोबदला भरून मोकळ्याही होत. यांतील कित्येक स्त्रिया लहानपणींच दुष्काळांत किंवा स्वारींत आपल्या माणसांपासून तुटलेल्या असत. खरेदीखत हा घेणाराच्या हक्काचा पुरावा होय. देणारा कोण, घेणारा कोण, किंमत किती व साक्ष कोणाची, हें त्यांत काळजीपूर्वक येतें, कारण उद्यां तंटा पडला तर तो घेणारा आणि देणारा यांच्यांत पडावयाचा. मुलगी कोणत्या गांवची व तिची आई कोण, हें लिहिण्याचें त्या कागदास प्रयोजनच नव्हतें.

या व्यवहारास राजसत्तेनें आडकाठी केल्याचें एक उदाहरण सर्वपरिचित आहे. कर्नाटकाच्या स्वारींत इ. स. १६७७ मध्यें शिवछत्रपतींनीं डच व्यापाऱ्यांस जो कौल दिला, त्यांत त्या मुलखांतून स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकत घेण्यास व बाहेर नेण्यास मनाई केली आहे. मनाई बंदरावर आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. गलबत एकदां सुटलें म्हणजे माणूस परत मिळत नाहीं, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस ठाऊक होतें.

याच्या उलट बाजूचा दाखला आमच्या शेजारच्या गोव्यांत सांपडतो. इ. स. १५५९ मध्यें पोर्तुगालच्या राजाच्या नांवें असा हुकूम निघाला, कीं ज्या ख्रिस्तीतर मुलांस आईबाप, आजाआजी किंवा कोणीही वडील माणूस उरलें नाहीं, तीं अनाथांच्या न्यायाधीशानें ताब्यांत घेऊन सेंट पॉलच्या पाठशाळेंत ठेवावीं व त्यांस ख्रिस्ती करावें. पुढें अंमलांत 'अनाथ' या शब्दाची व्याप्ति वाढली व आई हयात असलेलीं मुलेंही त्यांत ओढलीं गेलीं. पोरक्या मुलाचा सांभाळ करणें हें सरकारचें काम आहे, ही कल्पना येथें स्पष्ट दिसते. परंतु पोरकें कोण हें ठरविण्याचा अधिकार सांभाळ करणाराच्याच हातीं राहिला, आणि आईची जबानी घेण्याचें कोणावरही बंधन नव्हतें. संरक्षणाच्या नांवाखालींही मूल हिरावलें जाऊं शकतें, हा धडा विसरण्यासारखा नाहीं.

मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें १८१२ मध्यें इंग्रजांकडे आलीं, आणि पेशवाईच्या अखेरीस, म्हणजे १८१८ मध्यें, दक्षिण कोंकणांतील पेशव्यांचा मुलूखही त्यांच्या अंमलाखालीं गेला. सावंतवाडी हें संस्थान १९४८ पर्यंत वेगळें राहिलें. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामाच्या मालकीचा हक्क कोर्टांत चालेनासा झाला. या कायद्यानें मालकास शिक्षा सांगितली नाहीं. त्याच्या कागदाची किंमत तेवढी शून्य केली. शिक्षेची तरतूद १८६० च्या पिनल कोडांत आली व ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्यांतील ३७० व ३७१ हीं कलमें गुलामांच्या खरेदीविक्रीचीं, आणि ३७२ व ३७३ हीं अल्पवयी मुलें वेश्यावृत्तीसाठीं विकण्याचीं व घेण्याचीं होत. येथें कायद्यानें प्रथमच मुलाचें वय हा प्रश्न विचारला.

परंतु ज्या विक्रींत खरेदीखत होत नाहीं, ती ओळखावी कशी? आमच्या किनाऱ्यावरील भाविणींचा प्रघात हें याचें ठळक उदाहरण होय. रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी व गोवें या टापूंतील देवळांत लहान मुलीचा 'शेज' नांवाचा विधि होऊन तिचें लग्न देवाशीं, म्हणजे देवाच्या कट्यारीशीं किंवा मुखवट्याशीं, लागत असे. त्यानंतर तिला दुसरा विवाह नव्हता. येथें विकणारा दिसत नाहीं, किंमत दिसत नाहीं. दिसतो तो फक्त धर्मविधि. १८६९ सालच्या सुमारास असा एक शेजविधीचा खटला मुंबई हायकोर्टापुढें आला, तेव्हां अल्पवयी मुलीस अशा रीतीनें वाहणें हें ३७२ व्या कलमाखालीं येतें असें न्यायालयानें धरलें. विधीचें नांव कांहींही असो, मुलीचें पुढें काय होणार हें पाहून गुन्हा ठरवावा, हें तत्त्व त्यामुळें रूढ झालें. १९२४ मध्यें या कलमांतील वयाची मर्यादा सोळावरून अठरा झाली. शिवाय कुंटणखाना चालविणाराच्या किंवा वेश्येच्या हातीं मुलगी दिली असेल, तर हेतु वाईटच होता असें गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार देणारावर टाकण्यांत आला. घेणारावरही तोच भार पडला. १९३४ मध्यें मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा झाला व त्यानें देवास वाहण्याचा विधिच बेकायदा ठरविला. पुढें महाराष्ट्रानें २००५ सालचा स्वतंत्र कायदा केला. पुराव्याचा भार मुलीच्या शिरावरून उतरवून व्यवहार करणाराच्या शिरावर ठेवणें, हीच या सर्व सुधारणांची दिशा होती.

आतां सुटलेल्या मुलांचें पुढें काय झालें हें पाहण्यासाठीं किनारा सोडून नाशिकास गेलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम नेणारीं गलबतें इंग्रजी आरमारानें अरबी समुद्रांत पकडलीं, तेव्हां त्यांतून सुटलेलीं कित्येक मुलें मुंबई बंदरांत उतरविण्यांत आलीं. मुंबईचा पोलिस कमिशनर त्यांची वांटणी करी. कांहीं गृहस्थांच्या घरीं, तर कांहीं मिशनच्या संस्थांत जात. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकजवळ शरणपूर वसविलें होतें. तेथील आफ्रिकन आश्रमांत या मुलांस अक्षरज्ञानाबरोबर सुतारकाम, लोहारकाम इत्यादि धंदे शिकविले जात. यांतूनच 'नाशिकचीं मुलें' हें नांव जगाच्या इतिहासांत गेलें. लिव्हिंग्स्टन १८६५ मध्यें हिंदुस्थानांत आला असतां त्यानें आपल्या सफरीसाठीं यांतील कांहीं तरुण निवडले. जेकब वेनराइट हा शरणपुरीं शिकलेला तरुण त्यास मागाहून जाऊन मिळाला. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्यें वारला, तेव्हां त्याचें प्रेत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणारांत वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील अंत्यविधीसही तो हजर होता. त्या प्रवासाची त्यानें लिहिलेली रोजनिशी आज अभ्यासकांस ठाऊक आहे.

शरणपूरच्या कार्याची योग्यता आम्ही मानतों. हस्तकौशल्य आल्यामुळें तीं मुलें कोणाच्या दयेवर राहिलीं नाहींत. तथापि त्यांच्या पहिल्या कागदांतील उणीव त्यांस जन्मभर पुरली. मुलांस नवीं इंग्रजी नांवें मिळालीं. वेनराइट हें नांव त्याच्या आईबापांनीं ठेवलेलें नव्हतें. मॅथ्यू वेलिंग्टन या दुसऱ्या नाशिकच्या मुलाचें मूळ नांव चेंगविंबे होतें हें आपणांस कळतें, कारण तो १९३५ पर्यंत जगला व त्याची हकीकत लिहून ठेवण्यांत आली. ज्यांची हकीकत कोणी विचारली नाहीं, त्यांचीं गांवें व मातृभाषा लुप्त झाल्या. १८७५ मध्यें मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसलें, तेव्हां यांतील पुष्कळ लोक तेथें गेले. तें आफ्रिकेस परतणें होतें. घरीं परतणें नव्हतें. घराचा पत्ता पहिल्याच दिवशीं विचारून लिहिला गेला असता, तर कांहींची तरी गांठ आपल्या माणसांशीं पडली असती.

हा केवळ जुन्या काळचा प्रश्न नव्हे. त्याच नाशिक जिल्ह्यांत, इगतपुरी तालुक्यांत, सप्टेंबर २०२२ मध्यें एका कातकरी मुलीच्या मृत्यूमुळें असें उघडकीस आलें, कीं कातकरी कुटुंबांतील लहान मुलें थोडी रक्कम व एखादी मेंढी यांच्या मोबदल्यांत मेंढपाळांकडे राबावयास दिलीं जात होतीं. खत नाहीं, बाजार नाहीं; आईबापांनीं 'कामावर पाठविलें' एवढेंच. हरवलेल्या मुलांच्या यादींत असें मूल येत नाहीं, कारण तें हरवल्याची फिर्याद देणारेंच कोणी नसतें. शेजेच्या विधीप्रमाणें येथेंही विक्री दुसऱ्या शब्दाखालीं झांकलेली आहे.

आजचा कायदा जुन्यापेक्षां पुष्कळ पुढें गेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचीं ९८ व ९९ हीं कलमें मुलांच्या अशा विक्रीखरेदीस, आणि १४३ वें कलम माणसांच्या व्यापारास लागू आहे. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद केली. १० मे २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी असें सांगितलें. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें सांपडलेलें मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें आणावें लागतें. समितींत अध्यक्ष व चार सभासद असतात, व त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी पंधरा दिवसांत पुरी करावयाची असते. वयासाठीं आधीं शाळेचा दाखला, मग जन्माची नोंद, व तीं नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. १९९६ मध्यें मुंबईंत सुरू झालेली १०९८ या क्रमांकाची मदत आज सरकारी व्यवस्थेचा भाग आहे.

व्यवस्था आहे, मुद्दा तिच्या पहिल्या कागदाचा आहे. नांदगांव रोडसारख्या स्थानकावर एखादें मूल परक्या माणसाबरोबर आढळलें, तर 'काका आहे' एवढ्या उत्तरावर थांबणें म्हणजे घेणाराचीच साक्ष मानणें होय. मुलाची जबानी त्या माणसास दूर ठेवून व मुलाच्या बोलींत घ्यावी. मालवणी, कातकरी, कानडी किंवा बंगाली, जी त्याची असेल ती जाणणारा मनुष्य मिळवावा. नांव मुलानें जसें उच्चारलें तसें लिहावें. कारकुनानें तें सुधारूं नये. लहान मुलास तालुका सांगतां येत नाहीं, परंतु नदी, देऊळ, बाजाराचा वार व आईला हांक कशी मारतात, हें सांगतां येतें, तेंच लिहावें. तें कोणाकोणाच्या हातून व कोणत्या वाटेनें आलें, हें क्रमानें विचारावें. आणि ज्यांनीं दिलें त्यांच्याच घरीं परत पाठविण्यापूर्वी, त्यांनीं कां दिलें याचा शोध घ्यावा. कर्ज व उपासमार हें कारण असेल, तर त्यावर उपाय केल्यावांचून घरीं पोंचविलेलें मूल पुढल्या सुगीस पुन्हां त्याच वाटेस लागेल. परत पोंचविल्याची नोंद झाली म्हणून दफ्तर मिटूं नये. वर्षभर तरी त्याची विचारपूस चालू असावी.

आमच्या वाचकवर्गाकडेही यांतील एक काम येतें. ज्यांच्या संग्रहीं खरेदीखतें, देवस्थानचे कागद, कोठीचे हिशेब किंवा मिशनच्या वह्या आहेत, त्यांनीं सूची करतांना 'कुणबीण, एक' एवढ्यावर न थांबतां मुलाचें किंवा मुलीचें नांव, वय, गांव व आणणाराचें नांव, जें कांहीं कागदांत असेल तें, निराळ्या रकान्यांत उतरवावें. ज्या तऱ्हेचे शब्द विक्री झांकीत आले आहेत, त्यांची यादी अशा सूच्यांतूनच तयार होईल. त्या यादीचा उपयोग इतिहासकारास होईल, आणि चौकीवर बसलेल्या शिपायासही होईल. कारण दोघांनाही एकच गोष्ट ओळखावयाची आहे, ती ही कीं कागदांत ज्याची किंमत लिहिली आहे, तें कोणाचें तरी मूल आहे.